काकांच्या मशीनला बटण

"हा रेडिओ आधी उचला इथून," मी म्हटलं. "टेबलावर जागा हवी मला."

शिवलकर काकांनी हात पुढे केला. हात सारखा थरथरत होता आणि डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, त्यामुळे रेडिओपर्यंत पोचायला त्यांना वेळ लागला. सापडल्यावर त्यांनी तो उचलून छातीशी धरला.

"कुठे ठेवू?"

"द्या, मीच ठेवते."

मी तो त्यांच्या हातातून घेतला आणि खिडकीत ठेवून दिला. तळहाताएवढा जुना ट्रान्झिस्टर होता, पाठीचं झाकण रबरबँडने धरून ठेवलेलं. काका मान जराशी खिडकीकडे वळवून खुर्चीत बसून राहिले. बातम्या चुकणार म्हणून वाईट वाटत असेल, असं मला वाटलं.

ही गोष्ट सात वर्षांपूर्वीची. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि रत्नागिरीत एसटी स्टँडमागे माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. त्या गल्लीत हे काम करणारी मी एकटीच बाई. चार्जिंगची सॉकेटं बदलण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि ही गोष्ट दुसऱ्या कोणी सांगायची गरज पडत नसे, मीच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

काकांची सून अनघा शिवलकर शाळेत शिक्षिका होती. फोनची काच बदलायला आली आणि काच बसेपर्यंत म्हणाली, "तुम्ही कॉम्प्युटरला बटण लावून द्याल का?"

"तुटलंय?"

"नाही, कधी नव्हतंच."

मग तिने सगळं सांगितलं. तिचे सासरे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन होते. सत्त्याऐंशी साली त्यांनी घरी स्वतःच्या हाताने एक कॉम्प्युटर बनवला. त्याला बटण ठेवलं नाही. अॅडॉप्टरची गोल पिन मागच्या भोकात घातली की चालू, ओढली की बंद. नऊ वर्षांपूर्वी काचबिंदूने काकांचे डोळे गेले, तरी मशीन सुटलं नाही. पुढे हातांना कंप सुटला, तेव्हापासून रोज सकाळी पिन सासूबाई घालायच्या. दिवाळीत सासूबाई गेल्या. आता मे महिना होता.

"सहा महिने मशीन बंद आहे," अनघा म्हणाली. "आप्पांना म्हटलं, मी घालून देते पिन. तर नको म्हणतात. स्वतःला घालता येत नाही आणि दुसऱ्याने घातलेली चालत नाही. दिवसभर त्या टेबलाशी नुसते बसून असतात. जेवण निम्म्यावर आलंय. त्यांना स्वतःच्या हाताने ते चालू करता आलं ना, तर माणूस परत उभा राहील. मला एवढंच हवंय."

मी म्हटलं, एवढंच ना. मोठं बटण लावू, आणि गोल पिन काढून टाइप-सी बसवू. तेव्हा टाइप-सी नवीनच आलं होतं. त्याला वर-खाली नसतं, कसंही घाला, बसतं. आंधळ्या माणसाला आणि कापऱ्या हाताला याहून सोयीचं काय असणार? रविवारी दुकान बंद ठेवून मी तरीतून, म्हणजे होडीने, खाडीपलीकडे गेले आणि काकांच्या टेबलावरचा रेडिओ उचलून कामाला लागले.

मशीन म्हणजे प्लायवुडची चपटी पेटी होती. वर एका बाजूला वीस बटणांचा कीपॅड, दुसऱ्या बाजूला सहा लाल आकड्यांची पट्टी. स्क्रीन नाही, माऊस नाही. खरं सांगायचं तर मला मनातून हसू आलं होतं. मी चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि पेटीवर वाकूनच बसले.

आत छापील बोर्ड नव्हताच. चिपच्या एकेका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत हाताने नेलेल्या तारा होत्या. निळ्या, पिवळ्या, तांबड्या, एक्स्चेंजमध्ये वापरतात तसल्या बारीक तारा. त्यांचा गुंता कुठेच नव्हता. सगळ्या सरळ रेषेत येत होत्या, काटकोनात वळत होत्या, आणि त्यांच्या जुड्या मेण लावलेल्या दोऱ्याने बोटबोट अंतरावर बांधलेल्या होत्या. दोऱ्याची प्रत्येक गाठ एकाच बाजूला. मी रोज मोबाईल उघडत होते, यंत्राने केलेली सफाई मला नवीन नव्हती. माणसाच्या हाताची अशी सफाई मी पहिल्यांदाच बघत होते.

"किती तारा आहेत काका?" मी विचारलं.

"आठशे शेहेचाळीस."

"मोजल्यात?"

"लावल्यात," काका म्हणाले.

 आत हात घालण्याआधी मी पहिल्यांदाच हात धुऊन आले.

काम तसं सोपं होतं. जुना अॅडॉप्टर नऊ व्होल्टचा, आत एक चिप ते पाच व्होल्ट करायची आणि त्या भानगडीत इस्त्रीसारखी तापायची. टाइप-सीतून पाच व्होल्ट आयतेच मिळणार, म्हणून ती चिप मी काढून टाकली. मागच्या भोकाच्या जागी नवं सॉकेट बसवलं, चार्जरला ओळख पटावी म्हणून त्याचे दोन छोटे रेझिस्टर लावले, एक फ्यूज घातला. पेटीच्या उजव्या अंगाला चौकोन कापून मोठं काळं बटण बसवलं, मिक्सरला असतं तसलं, एका बाजूने दाबलं की चालू, दुसऱ्या बाजूने बंद. मुद्दाम मोठं घेतलं होतं, बोट नाही लागलं तर तळवा लागेल असं.

काका सगळं ऐकत होते. मध्येच म्हणाले, "जरा जास्त तापवतेस गो."

"कशावरून?"

"वास येतो."

मी सोल्डरिंग गनची उष्णता कमी केली. वास मलाही आला होता, पण मी तो मनावर घेतला नव्हता.

बटण बसल्यावर मी त्यांचा हात धरून त्यावर ठेवला. वीज अजून जोडलेली नव्हती, तरी त्यांनी ते चारपाच वेळा खटखट दाबून बघितलं. मग मी टाइप-सीची वायर हातात दिली. पहिल्या खेपेला हुकली, दुसऱ्याला हुकली, तिसऱ्याला आत गेली. त्यांनी ती ओढून काढली, उलटी केली, परत घातली. बसली.

"दोन्हीकडून जाते?"

"दोन्हीकडून."

"कोणी काढलं हे?"

"कोणीतरी शहाण्याने."

"आमच्या वेळेला नव्हता वाटतं तो," काका म्हणाले आणि हसले. आतल्या खोलीत भांडी लावणारी अनघा हसण्याच्या आवाजाने दारापर्यंत आली. सहा महिन्यांनी ऐकलं मी हे, असं तिने मला हातानेच सांगितलं.

मी चार्जर भिंतीत लावला. चांगला, नवा, चपटा मोबाईल चार्जर होता, दुकानातूनच आणलेला. "दाबा," मी म्हटलं.

काकांनी तळवा टेकवून बटण दाबलं. सहाही आकडे लालभडक उजळले. माझी छाती फुगली.

"चालू झालं काका."

"रेडिओ दे," ते म्हणाले.

मला वाटलं, आता आनंदाने गाणी लावणार. मी रेडिओ आणून दिला. त्यांनी तो पेटीला अगदी चिकटवून ठेवला, अंगठ्याने चाकं फिरवून चालू केला. रेडिओतून कर्कश खर्रर्र असा आवाज आला. त्यांनी काटा थोडा इकडे केला, थोडा तिकडे केला. खर्रर्र थांबेना. मग त्यांनी कीपॅडवरचं एक बटण दाबलं, मान वाकवून कान रेडिओला लावला. दुसरं दाबलं. परत कान लावला.

"चालू आहे ना गो?" त्यांनी विचारलं.

"आहे की. आकडे दिसतायत समोर."

"हां."

त्यांनी रेडिओ बंद केला. हात मांडीवर घेतले. "छान केलंस हो," ते म्हणाले. "सफाईने केलंस. अनघा, हिला चहा दे."

आवाज अगदी गोड होता, आणि चेहरा एवढासा झाला होता. काहीतरी मोठं बिघडलंय आणि ते मी बिघडवलंय, एवढं मला कळलं. काय, ते कळेना. मशीन तर चालू होतं.

"काका, रेडिओ कशाला हवा होता?"

"जाऊ दे."

"सांगा ना."

"तसं काही नाही," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "मला तो रेडिओतून ऐकू येतो."

मला समजलं नाही, हे त्यांना माझ्या गप्प बसण्यावरूनच समजलं असावं. मास्तरांनी वर्गात सांगावं तसं त्यांनी सावकाश सांगितलं. कुठलंही असलं मशीन काम करताना हवेत थोडी खरखर सोडतं. मीडियम वेव्हचा रेडिओ जवळ ठेवला, काटा स्टेशन नसलेल्या जागी नेला, की ती खरखर ऐकू येते. मशीन मोजत असेल तर एक आवाज, थांबलं असेल तर दुसरा, चुकून गोल गोल फिरत बसलं असेल तर तिसरा. हे त्यांना नोकरीच्या दिवसांत सहज सापडलं होतं. पुढे डॉक्टर म्हणाले, तीन वर्षांत दिसायचं बंद होईल. त्या तीन वर्षांत काकांनी मशीनच्या चिपमध्ये कायमची अशी सोय भरून ठेवली, की कीपॅडचं प्रत्येक बटण दाबल्यावर मशीन वेगळ्या वेगाने फिरेल. म्हणजे रेडिओत वेगळा सूर वाजेल. वीस बटणं, वीस सूर. समोरचा आकडा बदलला तरी सूर.

"डोळे जाणार म्हटल्यावर मी त्याला बोलायला शिकवलं," काका म्हणाले. "आता हात असा कापतो. बोट तीनवर जायचं ते सहावर पडतं. सूर ऐकला की कळतं, चुकलं. सूर नसेल तर मी नुसतीच बटणं बडवणार."

"मग स्पीकरच का नाही लावलात?" मी विचारलं. शहाणपणा करायची खोड माझी तेव्हाही गेली नव्हती.

"स्पीकर आपण सांगू तेवढंच वाजवतो. रेडिओत तो खरोखर काय करतोय ते ऐकू येतं."

मी खालीच बसले. जुना अॅडॉप्टर म्हणजे आत नुसती तांब्याची गुंडाळी, तो गुपचूप होता. माझा नवा चार्जर सेकंदाला लाखभर वेळा चालू-बंद होऊन वीज बनवतो आणि तेवढा गोंगाट हवेत सोडतो. मोबाईलला त्याचं काही वाटत नाही. मी या माणसाच्या मशीनला सुंदर बटण लावून दिलं होतं आणि त्याच वेळी त्याला दुसऱ्यांदा आंधळं केलं होतं. मला रडू येत होतं. त्यातून काढलेली चिप परत बसवण्याजोगी राहिली नव्हती, कारण उपटताना मी तिचा एक पाय तोडला होता, म्हणजे जुना अॅडॉप्टरही आता चालणार नव्हता.

"गप्प का झालीस?" काका म्हणाले. "टेलिफोनच्या लाइनीत पण असाच आवाज शिरायचा. आम्ही काय त्याच्यापुढे हात टेकायचो? चार्जर काढ बघू भिंतीतून."

मी काढला. त्यांनी रेडिओ लावला. शांत.

"म्हणजे बाकी तुझं काम चोख आहे. खोड चार्जरची आहे. लांब वायर आहे?"

माझ्या बॅगेत दोन मीटरची वायर होती. चार्जर मी ओटीवरच्या प्लगात लावला आणि वायर दारातून आत आणली. खर्रर्र निम्मी झाली, पण गेली नाही.

"वायरीतून चालत येतोय," काका कान देऊन म्हणाले. "फळीवर बिस्किटांचा डबा आहे. त्यात काळी कांकणं आहेत बघ."

डब्यात एक्स्चेंजमधली भंगारात निघालेली, वायरीतला गोंगाट अडवणारी फेराइटची कडी होती, जड, काळी, खरंच बांगडीसारखी. मी एक घेऊन पेटीजवळ वायरीचे तीन वेढे घातले.

"अजून."

चौथा घातला. पाचवा घातला.

"थांब. एक सोड. त्याने तिकडे शिट्टी येते."

मला कसलीच शिट्टी ऐकू येत नव्हती. मी एक वेढा सोडला, दुसरं कडं घातलं, सॉकेटच्या आत एक छोटी गुंडाळी आणि मोठा कपॅसिटर जोडला. दर वेळी मी काहीतरी करायचे आणि काका कान लावून सांगायचे, इतकं गेलं, इतकं राहिलं. अशा कामाला माझ्या माहितीत लाखाचं यंत्र लागतं. इथे एक म्हातारा माणूस रबरबँड लावलेला रेडिओ घेऊन ते करत होता. तासाभराने ते म्हणाले, "पुरे. याच्याहून जास्त खरखर एक्स्चेंजला रोज असायची."

काम करताना मी बटण बंद करून ठेवलं होतं. त्यांनी हात लांब केला, पेटीची कड धरून उजवीकडे नेला आणि तळव्याने दाबलं.

रेडिओतून एक बारीक, चढत जाणारा सूर आला आणि एका जागी येऊन थांबला. काका हलले नाहीत. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मग त्यांनी कीपॅडवर पहिल्यापासून बोट फिरवलं. शून्य, एक, दोन, तीन. प्रत्येकाचा सूर निराळा. वीसही सूर जागेवर होते. दारात अनघा केव्हाची येऊन उभी होती. तिने सहा महिन्यांपूर्वीपर्यंत हा आवाज रोज सकाळी स्वयंपाक करताना ऐकला होता. ती तोंडावर ओढणी धरून आत गेली.

"आता काय करणार?" मी विचारलं.

"प्रोग्राम घालायचा. याची मेमरी कच्ची, वीज गेली की कोरी. अनघा, तिची वही दे हिच्याकडे."

अनघाने निळ्या पुठ्ठ्याची वही आणून दिली. मी उघडली. शाईपेनाने, गोल, वळणदार अक्षरात ओळीच्या ओळी लिहिल्या होत्या. दोन बांगडा. चार सात. पापलेट सहा. शून्य कर्ली. सौंदाळा तीन. पानामागून पान हेच.

"काका, ही मासळीची वही दिसतेय."

ते मनापासून हसले. मशीनची भाषा सोळा चिन्हांची असते, शून्य ते नऊ आणि पुढे ए, बी, सी, डी, ई, एफ. काकांनी सांगायचं आणि त्यांच्या बायकोने, शेवंतीकाकींनी लिहायचं, पुढे काकींनी वाचायचं आणि काकांनी दाबायचं. पण बी, सी, डी, ई मोठ्याने म्हटलं की सगळे सारखेच लागतात. पहिल्या दिवशी शंभर चुका झाल्या. तेव्हा काकी म्हणाल्या, तुमची अक्षरं तुमच्यापाशी ठेवा. त्यांनी सहा मासे नेमून टाकले. बांगडा, बोईट, सौंदाळा, मांदेली, कर्ली, आणि शेवटच्याला पापलेट, कारण ती बडी असामी. त्यानंतर एकही गोंधळ झाला नाही.

"सातवी शिकलेली," काका म्हणाले. "पण घरी कोणीही येवो, वही दाखवायची. अख्ख्या वहीत एक खाडाखोड नाही म्हणायची. आणि नाहीच आहे."

"मी वाचू का?"

"नको. तू नुसती बघत बस."

आणि त्यांनी दाबायला सुरुवात केली.

वहीत अशा दोन-दोन चिन्हांच्या तीनशे बारा जोड्या होत्या. त्यांचं बोट थरथरत बटणावर यायचं, सूर वाजायचा. बरोबर असला तर पुढे. चुकलं तर सूर ऐकताक्षणी ते मागे जायचं बटण दाबायचे आणि परत घालायचे. मी वहीत बोट ठेवून ओळ धरून चालले होते. पहिलं पान झालं, दुसरं झालं. चुकत होतं ते बोट, डोक्यात एकही चूक नव्हती. तिसऱ्या पानाला माझ्या अंगावर काटा आला. दोन हात जागेवर नाहीत, दोन डोळे नाहीत, वाचणारी नाही, आणि हा माणूस सहा महिन्यांनी ती सगळी वही सुरांवरून काढत होता.  माझ्या आयुष्यात इतकं मोठं काही मी बघितलं नव्हतं, आणि ते एवढ्याशा खोलीत, एका प्लायवुडच्या पेटीवर चाललं होतं.

चौथ्या पानाच्या मध्यावर मी म्हटलं, "काका, थांबा. इथे दोन कर्ली आहे. तुम्ही दोन पापलेट घातलंत."

"पापलेटच आहे ते."

"वहीत कर्ली आहे."

"वहीत आहेच कर्ली," काका म्हणाले. "तिथे लिहिताना दूध उतू गेलं. उठून गेली, परत येऊन बसली, आणि मासा चुकला. मला दोन दिवसांनी पत्ता लागला."

"मग सांगितलं नाहीत?"

"खाडाखोड करावी लागली असती."

"म्हणजे त्या रोज कर्ली वाचायच्या?"

"रोज कर्ली वाचायची. मी पापलेट दाबायचो."

"नऊ वर्षं?"

"नऊ वर्षं."

 मग माझ्या डोक्यात दुसराच प्रकाश पडला. "काका, पण हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहे. केव्हापासून?"

"पहिल्या पावसाळ्यातच झालं असेल."

"मग काकी रोज वाचायच्या कशाला?"

 काकांचं बोट पुढच्या बटणावर गेलं.

पुढे अर्ध्या तासाने शेवटची जोडी आत गेली. त्यांनी तारीख घातली आणि चालवायचं बटण दाबलं. रेडिओतून झऱ्यासारखा खळखळ आवाज सुरू झाला. काका त्याच्याबरोबर सांगत होते, आता चंद्र काढतोय, आता सूर्य काढतोय, आता दोन्हींची बेरीज. मी ऐकत होते आणि मला पहिल्यांदाच कळत होतं की मशीन विचार करतं म्हणजे काय करतं. आवाज थांबला. तीन सूर वाजले.

"दोन पन्नास," काका म्हणाले.

मी आकड्यांकडे बघितलं. दोन पन्नास होते.

"आजची ओहोटी. ती शिंपल्या, तिसऱ्या काढायला जायची ना खाडीत, तिच्यासाठी लिहिला होता हा प्रोग्राम. तिला काही गरज नव्हती. तिथीवरून कळतं मला म्हणायची. मी म्हणायचो, तुझ्या तिथीत वीस मिनिटं इकडची तिकडे होतात. त्याच्यावर आमचं रोजचं भांडण."

मी खिडकीतून बघितलं. अडीच होत आले होते. पाणी पार मागे गेलं होतं आणि उघड्या चिखलात चारपाच बायका टोपल्या घेऊन वाकलेल्या होत्या.

मला भरून आलं होतं, आणि भरून आलं की मी काहीतरी दुरुस्त करायला घेते. "काका, पुढच्या रविवारी येते," मी म्हटलं. "एक छोटी बॅटरी लावते आत. वीज गेली तरी प्रोग्राम जाणार नाही. एकदा घातला की कायमचा. रोज तास तास बसायला नको."

"सगळे तेच सांगतात," काका म्हणाले. "मुलगा पण सांगतो."

त्यांनी हात लांब केला, पेटीच्या कडेवरून उजवीकडे नेला आणि बटण दाबलं.

आकडे विझले. रेडिओतला सूर गेला. तीनशे बारा जोड्या एका क्षणात पुसल्या गेल्या. "अहो काका," एवढंच माझ्या तोंडून आलं.

त्यांनी दोन क्षण थांबून बटण पुन्हा दाबलं. तो बारीक सूर चढत आला आणि आपल्या जागी थांबला. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली, पाठ सरळ केली, बोट कीपॅडवर आणलं.

"आता तू वाच," ते म्हणाले.

मी वही पहिल्या पानावर उघडली. वाचायला लागले. दोन बांगडा. पुढे, काका म्हणायचे. चार सात. पुढे. पापलेट सहा. पुढे. पहिली दोन पानं मी घाबरत वाचली, नंतर आवाज मोकळा झाला. अनघाने केव्हातरी चहा आणून ठेवला. आम्ही दोघांनी तो घेतला नाही.

चौथ्या पानाच्या मध्यावर आले. मी अक्षराकडे नीट बघितलं आणि लिहिलं होतं तेच वाचलं.

"दोन कर्ली."

काकांचं बोट थरथरत खाली गेलं आणि पापलेटावर टेकलं.

"पुढे," ते म्हणाले.